तीन म्हणजे तीनच

वेन डॉक्टर तीन म्हणाले की तीनलाच दात ओढत. वाचायला ही गोष्ट साधी वाटते. पण त्या काळी नगर जिल्ह्यात दात काढणारी जी माणसं होती, बाजारात पथारी टाकणारी काय आणि पाटी लावून बसणारी काय, ती सगळी तीनपर्यंत मोजतो असं सांगून दोनला ओढत. रोगी तीनला जबडा आवळतो, म्हणून त्याला दोनला गाठायचं. ही युक्ती रोग्यांनाही ठाऊक होती, त्यामुळे शहाणे रोगी एकलाच जबडा आवळून बसत. वेन डॉक्टरांच्या खुर्चीत ही शर्यत नव्हती. ते चिमटा उजेडात धरून दाखवत आणि सांगत, “ह्ये बघा. ह्येनं काढनार. दुखंल. लई दुखंल. मी तीन म्हननार आन तीनलाच वढनार.” मग तसंच करत. लोक ओरडत, थुंकत, आणि पुढच्या वेळी पुन्हा त्यांच्याकडेच येत.

ते चिनी होते. हुपे नावाच्या प्रांतातून कलकत्त्याला आणि कलकत्त्याहून कागदाची फुलं विकत विकत आमच्याकडे आले होते. राहात्याच्या आणि कर्जतच्या बाजारांत दहा-बारा वर्षं दात काढत बसून त्यांनी मराठी उचललं होतं, त्यामुळे त्यांचं मराठी माझ्यापेक्षा अधिक मातीतलं होतं. पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं, “तुमी कुठलं?”

“नगरचाच.”

“वाटत न्हाई. पुन्याचं बोलता.”

आठ महिने तुरुंगात काढून जे ऐकलं नव्हतं ते मी तिथे ऐकलं.

त्यांचं दुकान झेंडीगेटाजवळ, बशीरभाईंच्या बेकरीला लागून होतं. पाटीवर लाल हिरड्यांचं एक भलंमोठं उघडं तोंड रंगवलेलं होतं. त्यात वर सोळा आणि खाली सोळा दात होते. रंगाऱ्यानं खाली पंधराच काढले तेव्हा डॉक्टरांनी त्याला परत बोलावून सोळावा काढायला लावला होता. बशीरभाई म्हणत, “मी नानखटाई विकतो, हे दात काढतात. ही भागीदारी वरून ठरून आली. लेखी काही नाही.”

मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होतो. बेचाळीस साली भिंतींवर पत्रकं चिकटवताना पकडला गेलो आणि शाळा सुटली. पत्रकं लिहिणं हा एकच धंदा मला येत होता. इंग्रजी मी शत्रूची भाषा म्हणून शिकलो होतो, आणि शत्रू निघून गेल्यावरही ती माझ्या अंगावर तशीच राहिली होती. ती विकून मी पोट भरत होतो, म्हणजे शिकवण्या घेत होतो.

स्वातंत्र्य येऊन दीड वर्ष झालं असेल. दंतवैद्यांनी नोंदणी करावी असा कायदा आला. कायद्याशी माझं भांडण नाही; गंजकी पक्कड घेऊन लोकांचे जबडे मोडणारे मी पाहिले होते. पण आमच्याकडे ज्या अधिकाऱ्यांकडे हे काम आलं त्यांनी आपल्या अखत्यारीत ठरवलं की, पदवी नसलेल्यांची तोंडी परीक्षा घ्यायची आणि ती इंग्रजीत घ्यायची. पास झाला तर पाटी राहील, नाहीतर उतरेल. वेन डॉक्टरांना चार महिन्यांची मुदत मिळाली.

“मास्तर, मला इंग्रजी पायजे,” ते म्हणाले. “समदं नगं. दुखन्याचं तेवढंच.”

“फी?”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “खालची, उजवीकडची. शेवटची. कवापासनं हाय?”

मी तोंड मिटलं. ती दाढ दोन वर्षं दुखत होती आणि ही गोष्ट मी आईलाही सांगितली नव्हती. ठरलं असं, की शिकवणीच्या बदल्यात ते माझी दाढ काढतील. मी म्हटलं, परीक्षा झाल्यावर. लाठीला मी भ्यालो नव्हतो. चिमट्याला भीत होतो.

पुस्तक कुठलं घ्यायचं हा पहिला प्रश्न. वैद्यकीचं पुस्तक नगरात मिळेना, आणि मिळालं असतं तरी ते मलाच समजलं नसतं. तेव्हा डॉक्टरांनी बेकरीकडे बोट दाखवलं. बशीरभाई पुड्या बांधायला मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रांची रद्दी आणत. त्यात रोज कुणी ना कुणी आजारी असे. कुठे पटकी, कुठे देवी, कुठे मोटार उलटून कुणाला रक्तस्राव, कुठे कुणा पुढाऱ्याचं ऑपरेशन. आम्ही बातमी वाचायचो, तिच्यातला दुखण्याचा शब्द शोधायचो, डॉक्टर ती बातमी कापून वहीत चिकटवायचे आणि शेजारी चिनी अक्षरांत त्याचा उच्चार लिहायचे. वहीला कायम तुपाचा वास येई.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते अडले. ‘फीव्हर’ शब्दावर बोट ठेवून म्हणाले, “ह्येची खाट कुठं हाय?”

“कसली खाट?”

मग त्यांनी मला आजाराची चिनी अक्षरं काढून दाखवली. जवळजवळ प्रत्येकाच्या डाव्या अंगाला आणि माथ्यावर एकच आकृती होती. ती म्हणे खाट, आणि तिच्यावर कलंडलेला माणूस. अक्षर वाचता आलं नाही तरी खाट दिसली की कळतं, कुणीतरी आजारी आहे, हळू बोलायचं. “तुमच्या इंग्रजीत कायबी कळत न्हाई,” ते म्हणाले. “पटकी लिवलेली बी तशीच दिसती आन बागेतलं बाकडं बी तसंच दिसतं. तोंड बघून वळखू येत न्हाई.”

मी म्हटलं, इंग्रजांचं सगळंच तसं असतं. त्यांनी माझ्या या विधानाकडे लक्ष दिलं नाही आणि वहीतल्या प्रत्येक इंग्रजी आजाराशेजारी पेन्सिलीनं एक छोटी खाट काढली. पुढे पुढे मीही काढू लागलो.

एका शब्दाला मात्र त्यांनी खाट काढली नाही. तो ‘पेन’, म्हणजे दुखणं. मी आठवण करून दिली तर म्हणाले, “आमच्यात त्येलाबी खाट हाय. पन ती चूक हाय, कुनी केली आसंल ती. दुखनं म्हंजे आजार न्हाई, दुखनं म्हंजे बातमी. दात बातमी धाडतो, मानूस वाचत न्हाई.” आणि माझ्या उजव्या गालाकडे पाहत राहिले.

रद्दीतल्या वर्तमानपत्रांचा एक दोष होता. आजचं पान मिळे, उद्याचं मिळेलच असं नाही. एकदा विदर्भातल्या कुठल्याशा जिनिंग कारखान्यातली बातमी निघाली. पांडुरंग नावाचा कामगार वाफेनं भाजला होता, त्याची प्रकृती ‘क्रिटिकल’ होती. मी शब्दाचा अर्थ सांगितला. डॉक्टरांनी लिहून घेतला, खाट काढली आणि विचारलं, “म्होरं काय झालं?”

“पुढचं पान नाही.”

“आसं कसं? मानूस भाजलाय.”

ते उठून बेकरीत गेले आणि रद्दीचा गठ्ठा सोडून बसले. त्यात काही मिळालं नाही, तेव्हा गिऱ्हाइकांच्या हातातल्या पुड्या वाचू लागले. एका बाईला थांबवून तिच्या पावाचा कागद त्यांनी चारी बाजूंनी वाचला. बशीरभाई गल्ल्यावरून म्हणाले, “डॉक्टर, तो पांडुरंग तुमचा कोण लागतो?”

“कुनी न्हाई. म्हनून तर इचारायला कुनी न्हाई त्येला.”

आठवडाभर रोज धडा सुरू करण्याआधी ते मला विचारत, “पांडुरंगाचं काय?” आमचा धडा पुढे जाईना. दिवस थोडे होते, शब्द फार होते. शेवटी मी एक दिवस सांगून टाकलं, “वाचनालयात वाचलं. बरा झाला तो. ‘रिकव्हर्ड’ असं छापलंय.”

डॉक्टर उभे राहिले. त्यांनी वहीत ‘रिकव्हर्ड’ लिहिलं आणि शेजारी खाट काढली, रिकामी. बशीरभाईंनी दोघांना एकेक नानखटाई दिली. मला ती गिळवेना. मी त्याचं खापर दाढेवर फोडलं.

चार दिवसांनी त्यांनी सहज विचारलं, “मास्तर, कंच्या तारखेचा पेपर? कापून आनू म्हनतो.”

पोलिसांनी मला दोन रात्री बसवून ठेवलं होतं तेव्हा माझ्या तोंडून एकही नाव बाहेर पडलं नव्हतं. इथे मी दोन वाक्यांत कबूल झालो. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी दाढीचं पातं घेतलं आणि तो शब्द, ती रिकामी खाट, दोन्ही चौकोनी कापून काढली. पानाला खिडकी पडली आणि तिच्यातून मागच्या पानावरची पटकी दिसू लागली.

“ह्यो शब्द बाद,” ते म्हणाले. “खरा बरा झालेला मानूस गावला की शिकू.”

आम्ही पुढचे तीन महिने शोधलं. खोटं सांगत नाही, एकही मिळाला नाही. वर्तमानपत्रात माणसं आजारी पडत, अत्यवस्थ होत, मरत. बरं झालेल्या माणसाची बातमी कुणी छापत नसे. सरकारी गोटातून मात्र रोज छापून येई की, परिस्थिती समाधानकारक आहे. ते वाक्य डॉक्टरांना पाठ झालं, पण त्याची खाट कुठे काढावी हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

परीक्षा आठ दिवसांवर आली तेव्हा मी त्यांना अपेक्षित प्रश्न देऊ लागलो. दात काढण्याआधी घाबरलेल्या रोग्याला काय सांगाल, हा त्यातला एक. उत्तर मी तयार करून दिलं, अगदी सोपं: अजिबात दुखणार नाही, घाबरू नका. इंग्रजीत चार-पाच शब्द. डॉक्टरांनी ते कागदावर पाहिलं, उलटं करून पाहिलं.

“ह्ये कंच्या पेपरात आलंय?”

“कुठल्याच नाही. हे असं म्हणतात.”

“कोन म्हनतं?”

“सगळे डॉक्टर.”

“आन दुखतं ना?”

मी चिडलो. म्हटलं, “डॉक्टर, हे पाटी वाचवण्यापुरतं आहे. एकदा म्हणा, सही-शिक्का घ्या, मग खुर्चीत हवं ते सांगा.” ज्या आठवड्यात मी हे बोललो त्याच आठवड्यात माझं एक पत्रक छापून आलं होतं. त्याचा मथळा होता: ‘सत्याशी तडजोड नाही’. डॉक्टरांनी ते दुकानाच्या दारावर स्वतः चिकटवलं होतं.

ते म्हणाले, “बघू.” कागद घडी करून खिशात ठेवला. वहीत चिकटवला नाही.

परीक्षेला ते काळा कोट घालून आले. मी बरोबर होतो. मला दाराशी बाकावर बसायची परवानगी मिळाली. खोलीत आम्ही तिघं होतो, तिघांनाही मराठी येत होतं, आणि बोलणं इंग्रजीत चाललं होतं. अधिकारी वाईट माणूस नव्हते. त्यांनी डॉक्टरांना खुर्ची दिली, पाणी विचारलं. हत्यारांची नावं विचारली, ती बरोबर आली. मग दुखण्यांकडे वळले.

“हॅमरेज म्हणजे काय?”

“हॅमरेज,” डॉक्टर इंग्रजीत म्हणाले. “मोटार उलटली. दोन इसम. एक मेला. दुसऱ्याचं पान नाही.”

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. “एपिडेमिक?”

“एपिडेमिक. सहा गावं. सरकारी गोटात इन्कार.”

“मी शब्दाचा अर्थ विचारतोय.”

“होय, सर. तोच सांगतो.”

त्यांचा प्रत्येक शब्द आपल्या बातमीसकट येत होता. ज्या माणसाला झालं तो माणूस बाजूला सारून नुसतं दुखणं सांगावं, हे मी त्यांना शिकवलंच नव्हतं. मला स्वतःला ते तेव्हा उमगलं. अधिकाऱ्यांना मौज वाटू लागली होती. त्यांनी विचारलं, “बरं, रोगी बरा झाला तर त्याला काय म्हणतात?”

डॉक्टर म्हणाले, “अजून सापडला नाही, सर.”

मी बाकावर मान खाली घातली. उत्तर मला येत होतं. मीच ते खोटं करून ठेवलं होतं.

आणि मग तो प्रश्न आला. “समजा, रोगी घाबरलेला आहे. दात काढायचाय. त्याला काय सांगाल?”

डॉक्टरांनी खिशाला हात लावला. कागद तिथेच होता. त्यांनी एकदा दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. मी ओठ हलवून दाखवले.

“दुखेल,” डॉक्टर इंग्रजीत म्हणाले. “फार दुखेल. मी तीन मोजतो. तीनला काढतो.”

“दोनला,” अधिकाऱ्यांनी सुचवलं. ते मदतच करत होते. “दोनला ओढलं तर रोगी बेसावध असतो. त्याला त्रास कमी होतो. सगळे तसंच करतात.”

“नाही, सर. तीन सांगितलं. तीनला.”

“पण का?”

डॉक्टरांनी शब्द जुळवायला वेळ घेतला. आमच्या वहीत या उत्तराची बातमी नव्हती. अखेर ते म्हणाले, “सर, माणसाला बत्तीस दात असतात.”

अधिकाऱ्यांना वाटलं, हे प्रश्न न समजल्याचं लक्षण आहे. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, उठून डॉक्टरांशी हात मिळवला आणि आम्ही बाहेर आलो. जिना उतरताना मी डॉक्टरांना विचारलं, “बत्तीस दातांचं काय सांगत होता?”

“एका दाताला फशिवता येतं,” ते म्हणाले. “मंग एकतीस ऱ्हातात. ते कुनाकडं जात्याल?”

पंधरा दिवसांनी पत्र आलं. भाषेचं ज्ञान अपुरं असल्यानं नोंदणी होऊ शकत नाही. महिनाअखेर पाटी उतरवावी. त्यानंतर दात काढल्यास गुन्हा समजला जाईल. मी पत्र मराठीत सांगितलं. बशीरभाई म्हणाले, “आग लागो त्या इंग्रजीला. रोगी आमचे, दात आमचे, ओरडतो आम्ही मराठीत.” यापेक्षा चांगलं पत्रक मला लिहिता आलं नसतं, पण मी लिहिलं. रागानं लिहिलं, फुल्स्केपची दोन्ही अंगं भरून. दुसऱ्या दिवशी दुकानात वाचून दाखवलं. सुरुवात होती: ‘हजारो गोरगरिबांना वेदनामुक्त करणाऱ्या या थोर सेवकावर...’

“हजारो?” डॉक्टर म्हणाले. “मोजलं का?”

“असं लिहायची पद्धत असते.”

“खोडा. आन वेदनामुक्त बी खोडा. दुखतं.”

मी खोडलं. थोर खोडायला लावलं. जुलमी खोडायला लावलं. त्या साहेबांनी पाणी विचारलं होतं, ते म्हणाले. अश्रू खोडले, कारण लोक रडतात ते दाढेसाठी. अर्ध्या तासानं एकच ओळ उरली: ‘वेन डॉक्टर दात काढतात. दुखतं. ते तसं आधी सांगतात.’ ती घेऊन मी छापखान्यात गेलो. छापखानेवाला म्हणाला, हे पत्रक नाही, ही जाहिरात आहे. ते छापलं गेलं नाही. आज मला वाटतं, मी लिहिलेल्यांपैकी तेवढं एकच पुन्हा वाचवेल असं आहे.

ते कलकत्त्याला भावाकडे गेले. तिथे पुन्हा कागदाची फुलं करू लागले, असं पुढे कळलं. वर्षभरानं त्यांचं एक पाकीट आलं. पत्र नव्हतं. इंग्रजी वर्तमानपत्राचं एक कात्रण होतं, बोटभर. आसनसोलकडचा कुणी शाळामास्तर विषमज्वरातून उठून पुन्हा शाळेत रुजू झाला होता. ‘रिकव्हर्ड’ शब्दाभोवती पेन्सिलीची रेघ होती, शेजारी एक रिकामी खाट होती, आणि कोपऱ्यावर तारीख होती. तारीख दोनदा अधोरेखित केलेली होती.

पण मला सांगायचा आहे तो ते जाण्याच्या आधीचा दिवस, पाटी उतरवायच्या महिन्याचा शेवटचा. मी दुकानात गेलो तेव्हा ते शिडीवर उभे राहून पाटीचे खिळे सैल करत होते. सगळं सामान बांधून झालं होतं. खुर्ची तेवढी उजेडात ठेवली होती आणि हत्यारांपैकी एक चिमटा फडक्यावर होता.

“उद्यापास्नं गुन्हा हाय,” शिडीवरून ते म्हणाले. “आज न्हाई. बसा, मास्तर.”

मी म्हटलं, गाडीची तयारी करा, दाढेचं एवढं काही नाही, आजकाल दुखतही नाही. बशीरभाई बेकरीच्या दारात येऊन उभे राहिले होते. ते म्हणाले, “काल पाव चहात बुडवून डावीकडून खात होता हा.”

मी बसलो. डॉक्टरांनी हात धुतले. तोंडात बोट घालून दाढ हलवून पाहिली. मी खुर्चीचे हात धरले आणि विचारू नये ते विचारलं.

“डॉक्टर, दुखणार नाही ना फार?”

एवढ्या वर्षांनी लिहितानाही मला लाज वाटते. चार महिने मी त्या माणसाला शिकवत होतो. त्या एका प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं द्यावं म्हणून मी त्याच्या मागे लागलो होतो, आणि ते दिलं नाही म्हणून त्याची पाटी उतरत होती. आता तेच उत्तर मी स्वतःसाठी मागत होतो. दुकानात परीक्षा घेणारं कुणी नव्हतं. ते ‘नाही’ म्हणाले असते तरी चाललं असतं.

त्यांनी चिमटा उजेडात धरून मला दाखवला.

“दुखंल,” ते म्हणाले. “लई दुखंल. तीनला.”

मी डोळे मिटले. ते एक म्हणाले. ते दोन म्हणाले, आणि जन्मभराच्या सवयीनं मी जबडा आवळला. दोनला काही झालं नाही. तेव्हा मी जबडा सोडला.

तीनला झालं. लई दुखलं.